वरूडचे दप्तर: मालकी एकाची, कागद दुसऱ्याकडे

1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि 1902 च्या कराराने तो त्यांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाला, तरी नाममात्र सत्ता हैदराबादच्या निजामाचीच राहिली. त्यामुळे मुलूख हैदराबादचा, पण वऱ्हाडातल्या वरूडच्या शेतजमिनींची नोंद इंग्रजी कारभारातल्या पटवाऱ्याच्या दप्तरात व त्याची वरची कचेरी मोर्शीला, अशी विचित्र फारकत होती. कागद ज्याच्या हाती, त्याचाच अंमल खरा ठरला.

नोंदी प्रत्यक्ष कोणत्या देशातील संगणकांवर ठेवाव्यात, म्हणजेच डेटाचे स्थानिकीकरण, हा प्रश्न याच जातीचा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, म्हणून वरूडच्या संत्राव्यापाऱ्याने मोबाइलवरून चुकवलेल्या रकमेची नोंदही त्यात येते. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र बराच सैल असून, सरकारने मनाई केलेले देश वगळता माहिती बाहेर नेऊ देतो.