रिकाम्या चाळींचा कौल

1896 साली प्लेगने मुंबईत शिरकाव केल्यापासून कामकरी वर्गाच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकारदरबारी सतत चर्चिला जात होता. परंतु 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडण्याचे काम ज्या तडफेने हाती घेतले, त्या तडफेने विस्थापितांसाठी घरे काही उभी राहिली नाहीत, आणि पहिले महायुद्ध संपले तेव्हा गिरणगावातील दहांपैकी नऊहून अधिक कुटुंबे एकाच खोलीत, अनेकदा त्या खोलीतही पोटभाडेकरू ठेवून, संसार रेटीत होती. सर जॉर्ज लॉइड हे डिसेंबर 1918 मध्ये गव्हर्नर म्हणून मुंबईस आले आणि महिन्याभराच्या आतच गिरणी कामगारांचा प्रचंड संप त्यांच्यापुढे उभा राहिला. 1920 च्या प्रारंभी त्याची पुनरावृत्ती झाली. रशियात राज्यक्रांती होऊन अद्याप फार दिवस लोटले नव्हते. कामकऱ्याला बरे घर दिले तर तो शांत राहील, हा विचार या पार्श्वभूमीवर सुचला, आणि त्यात भूतदयेइतकाच राज्यकर्त्यांचा धसकाही होता हे मान्य केले पाहिजे.

1920 साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. एका हाताने बॅक बेचा समुद्र हटवायचा आणि दुसऱ्या हाताने कामकऱ्यांसाठी 50,000 एकखोली गाळे बांधायचे, अशी त्याची तजवीज होती. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात बसवून घरांच्या खर्चाचा एक भाग वसूल करण्याचे ठरले. योजना भव्य होती आणि तिच्यामागची निकड खोटी नव्हती, म्हणूनच तिचे पुढे जे झाले ते मनाला अधिक लागते. नकाशे झाले, सिमेंटचे हिशेब झाले, कर्जरोखे निघाले. मात्र ज्याने त्या खोलीत चूल मांडायची, त्याला ही खोली कशी हवी, कोठे हवी आणि किती भाड्यात परवडेल, हे विचारण्याची पायरी त्या साऱ्या कारभारात कोठेच नव्हती.

कामकऱ्याचे मत नव्हते असे नाही, ते त्याच्या दिनक्रमातच होते. गिरणीत काम मिळणे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि बदली कामगाराला तर रोज पहाटे दरवाज्यावर हजर राहून आज आपला नंबर लागतो की नाही याची वाट पाहावी लागे. तेव्हा गिरणीपासून दूर जाणे म्हणजे रोजगारावर पाणी सोडणे होते. उधारीचा वाणी ओळखीचा हवा. संपात किंवा आजारपणात आधार देणारा गाववाला भिंतीपलीकडे हवा. कोकणातून किंवा घाटावरून एकट्याने आलेल्या गड्याला खानावळवाली बाई जवळ हवी, कारण ती महिनाअखेरपर्यंत पैशांसाठी थांबत असे. हे सर्व लालबाग-परळच्या कोंदट चाळींत होते, आणि वरळीच्या नव्या वसाहतीत, बाजार आणि वर्दळ यांपासून दूर, सुरुवातीस यातले काहीच नव्हते.

खुद्द इमल्याकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत 80. खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि शौचकूप सामाईक. खिडकीला उघडझाप करता न येणाऱ्या सिमेंटच्या पट्ट्या बसविल्या होत्या. त्यांतून पावसाळ्यात पाणी आत येई, आणि प्रकाश मात्र हवा तेवढा येत नसे. चुलीचा धूर कोंडे. भाड्याचा काही भार सरकारने स्वतःकडे घेतला होता, तरीही जुन्या चाळीतील खोलीशी तुलना करता हे भाडे कामकऱ्याला जड वाटे.

तेव्हा कामकऱ्यांनी सभा भरविल्या नाहीत की अर्ज लिहिले नाहीत. ते राहावयास आलेच नाहीत, एवढेच. नायगाव आणि डिलाईल रोड येथील चाळी गिरण्यांच्या कुशीत असल्यामुळे बऱ्यापैकी भरल्या, पण वरळीच्या 121 चाळींपैकी पुष्कळशा वर्षानुवर्षे ओस राहिल्या. कायदेमंडळात खुर्शेद नरिमन यांनी या खात्याच्या कारभारावर तोफ डागली. त्यांचा मुख्य रोख बॅक बेच्या उधळपट्टीवर होता. 50,000 गाळ्यांचा संकल्प अखेर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळींवर, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास गाळ्यांवर, येऊन थांबला. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले जावेत, याहून कठोर अभिप्राय त्या योजनेवर कोणत्याही समितीने लिहिला नसता.

पुढे दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसे लोटली, घर मिळेनासे झाले, आणि हीच नाकारलेली वसाहत गच्च भरली. त्यानंतरच्या पिढ्यांनी तिला आपले केले. पोटमाळे चढले, बोळांत मुले वाढली, जांबोरी मैदानावर सभा आणि कबड्डीचे सामने रंगले. आणि 1974 च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेवरून उसळलेली दंगल या चाळींनी सोसली, कारण गावातले जातीचे अंतर खोलीच्या भिंतीशी थांबले नव्हते. हेही या इतिहासात लिहिलेच पाहिजे.

2017 साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले तेव्हा 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे मालकीचे घर देऊ केले होते. तरी रहिवाशांनी पात्रतेच्या सर्वेक्षणास हरकत घेतली. आधी नोंदणीकृत करारनामा करा, संक्रमण शिबिरात किती वर्षे राहायचे ते सांगा, उंच इमारतीचा देखभाल खर्च निवृत्त गिरणी कामगाराने कोठून भरायचा याचे उत्तर द्या, असे त्यांचे म्हणणे होते. काहींनी याला अडवणूक म्हटले, ते मला मान्य नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कोणी काही विचारले नव्हते, त्या लोकांनी स्वतःहून आपले म्हणणे मांडले, आणि ते लेखी मागितले. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

जुन्या चाळी आता एकेक करून पडत आहेत. सरकारी बाजूचे कागद दफ्तरखान्यात सुरक्षित राहतील. रहिवासी संघांचे अर्ज, हरकतींच्या नकला, सभांची इतिवृत्ते आणि जुन्या भाडेपावत्या मात्र घर रिकामे करताना रद्दीत जातात. ज्यांच्या घरी हे कागद असतील त्यांनी ते फेकू नयेत, आणि शक्य झाल्यास त्यांची एक प्रत राज्य पुराभिलेखागारात किंवा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.