भाग ३४ : लिंबाखालची हेराल्ड – जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची की सोडून द्यायची?

हेडफोन लावा, आणि गाडी चालवत असाल तर एकच कान मोकळा ठेवा म्हणत नाही, दोन्ही मोकळे ठेवा. भाग नंतर ऐका.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. तो मलकापूरला राहतो, टू-व्हीलर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे त्याचं. फोन उचलल्याबरोबर सुरू :

"भाऊ, खामगावात एक गाडी पाह्यली मी. लाल हाय. दोनच दारं. बोनेट उघडलं त पुरं तोंडच उघडते तिचं! ऐंशी हजार म्हन्ते काका. घेऊ का?"

फोटो आला आणि मी गप्पच झालो. लिंबाच्या झाडाखाली, चारही चाकं जमिनीत रुतलेली, टपावर निंबोळ्या. ती होती स्टॅंडर्ड हेराल्ड.

ऐंशी हजार ही त्याची सोयाबीन आणि दुकान मिळून झालेली बचत. घरी मावशीचं म्हणणं, त्या पैशात दुकानावर पत्रे टाक, पावसाळा आला. म्हणजे हा प्रश्न हौसेचा कमी आणि घरातल्या पैशाचा जास्त. म्हणून ठरवलं, आधी या गाडीचा इतिहास नीट बघू. उत्तर त्यातूनच निघेल.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार आल्याच किती?

थोडं मागे जाऊ. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे फक्त जुळणी. मग आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, आणि १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या तयार होऊ लागल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं विचारलं, नुसती जुळणी किती दिवस करणार? १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण पक्कं झालं : भाग इथेच बनवायचा कार्यक्रम असेल तर थांबा, नसेल तर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्डनं जुळणी बंद केली. उरल्या मोजक्या कंपन्या : कलकत्त्याकडे हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत प्रीमियर, मद्रासला स्टॅंडर्ड.

याचा परिणाम काय झाला? साधी फियाट घ्यायची तरी वर्षानुवर्षं वाट बघायची. अशा देशात दोन सीटची, टप उघडणारी गाडी कोण बनवणार? एमजी, ट्रायम्फ या गाड्या संस्थानिकांकडे, नाहीतर सिनेमावाल्यांकडे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटर आली, फायबरची बॉडी आणि रेनॉचं इंजिन. पण ती रस्त्यावर दिसली फारच कमी.

मग हेराल्डला मावसभाऊ स्पोर्ट्स कार का म्हणतोय? इथे मजा आहे.

स्पिटफायरची सख्खी बहीण

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली. डिझाइन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉट्टीचं. त्या काळी बहुतेक नव्या गाड्यांची बॉडी एकसंध असायची, वेगळी चेसिस नसायची. पण स्टॅंडर्ड-ट्रायम्फची अडचण झाली. त्यांना बॉडी बनवून देणारी कंपनी प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतली होती. मग त्यांनी जुनाच मार्ग धरला : खाली वेगळी चेसिस, वर वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले पत्र्याचे तुकडे, सगळं नट-बोल्टनं जोडलेलं.

आणि याच चेसिसची लांबी कमी करून १९६२ मध्ये त्यांनी ट्रायम्फ स्पिटफायर काढली. मिकेलॉट्टीचीच. जगभरात गाजलेली, तुलनेनं स्वस्त स्पोर्ट्स कार. म्हणजे पुढे उघडणारं तेच बोनेट, त्याच घराण्याचं इंजिन, पुढच्या सस्पेन्शनची तीच मांडणी. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनलेली दोन दारांची हेराल्ड म्हणजे स्पिटफायरची घरंदाज बहीण. पुढे भारतासाठी तिला चार दारं आली, सत्तरच्या दशकात गॅझेल आली, आणि त्या दशकातच हे घराणं इथं संपलं.

इंग्लंडमधल्या कंपनीच्या नाइलाजाचा फायदा आज मलकापूरच्या मेकॅनिकला होतोय बघा. बोल्टवर बसलेला पत्रा सुटतो, ठोकून सरळ होतो, परत बसतो. आणि स्पिटफायरवाले जगभर असल्यामुळे इंजिन-सस्पेन्शनचे पुष्कळ भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात. कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून महाग पडतात, पण मिळतात तरी.

मग गाडी बघायला गेलो

रविवारी सकाळी आम्ही दोघं खामगावला. काका सज्जन माणूस. चहा झाला. गाडी त्यांच्या वडिलांची.

आपण सगळे आधी रंग बघतो. चूक. रंग शेवटी बघायचा. आम्ही सतरंजी टाकून खाली झोपलो. हेराल्डचं दुखणं चेसिसमध्ये असतं. मधल्या मुख्य पट्ट्यांतून बाजूला जे हात निघतात, ते गंजतात. स्क्रूड्रायव्हरनं टोचलं तर दोन ठिकाणी आरपार गेला. आपली हवा कोरडी, कोकणासारखी नाही, म्हणून निभावलं. पण लिंबाचा पाला कोपऱ्यांत साचला, प्रत्येक पावसाळ्यात भिजला, आणि तेवढ्याच जागा खाल्ल्या.

दुसरं, पुढच्या चाकाजवळचा ट्रनियन नावाचा पितळी सांधा. त्यात गियर ऑइल भरायचं असतं. लोक ग्रीस मारतात, सांधा कोरडा पडतो, आणि एक दिवस चाक आडवं होतं. इथं ग्रीसच होतं. तिसरं, मागची चाकं जोरात वळवल्यावर आत मुडपतात, जुन्या स्पिटफायरचीही तीच खोड. म्हणून हिला पळवायची नसते, फिरवायची असते.

चौथं पेट्रोल. भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, आणि आता २० टक्के इथेनॉल आलं. त्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात, चिरतात. म्हणजे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळं नवं.

मावसभाऊ म्हणाला, "एवढं कायले? मारुतीचं इंजिन टाकून देऊ ना बे!"

थांब म्हटलं. इथंच खरी गोम आहे.

कागद हीच खरी चेसिस

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी खाजगी गाडी, मूळ रूपात ठेवलेली. नव्या नोंदणीची फी २० हजार, १० वर्षांसाठी, पुढे दर वेळी ५ हजार. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, आणि रोज वापरताही येत नाही. मारुतीचं इंजिन टाकलं की विंटेजचा रस्ता बंद. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्ट २०२१ ला, गाड्या भंगारात काढायचं धोरण जाहीर झालं. एका हातानं जपा, दुसऱ्यानं मोडा. आपली गाडी कुठल्या रांगेत उभी राहील ते कागद ठरवतात.

मी काकांना विचारलं, "काका, आरसी बुक?"

काका म्हणाले, "असेल कुठंतरी ट्रंकेत. बाबाच्याच नावावर हाय. ते जाऊन बरीच वर्षं झाली."

तीन भावंडं, नाव कुणाच्याच नावावर चढलेलं नाही. मालक गेल्यावर वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० वर विक्री. ते झाल्याशिवाय मावसभाऊ ऐंशी हजार देऊन जे घरी नेणार होता, ती गाडी नव्हतीच. तो लोखंडाचा ढीग होता, कुणाच्या तरी मेलेल्या वडिलांच्या नावावरचा.

परत येताना नांदुऱ्यापर्यंत तो बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हंजे नाही घ्यायची?"

मी म्हटलं, आज नाही घ्यायची. इसार द्यायचा नाही, हातउसनेही नाही. काकांनी आरसी शोधावी, आरटीओ ऑफिसात नाव चढवावं, चेसिसवरचा नंबर कागदाशी जुळावा. जुळला तर भाव पुन्हा बोलू, कारण चेसिसला दोन भोकं आहेत. आणि गाडीच्या किमतीएवढे पैसे वेगळे बाजूला असतील तरच हात घालायचा. तोपर्यंत दुकानावर पत्रे.

पत्रे टाकले त्यानं. काकांची ट्रंक अजून उघडायची आहे. मधे एक भंगारवाला किलोच्या भावानं विचारून गेला, काकांनी त्याला परत पाठवलं. तेवढ्यानं माझा मावसभाऊ खूश आहे. दर रविवारी काकांकडे चहाला जातो आणि जाताना टपावरच्या निंबोळ्या झाडून येतो.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, तर आजच आजोबांची ट्रंक उघडा. आरसी सापडली की आम्हाला फोटो पाठवा, पण नंबर झाकून. पुढच्या भागात भेटू. जय महाराष्ट्र!