धुळीतली चित्रं आणि मार्जिनमधला प्रश्न

शनिवार पेठेत मी राहते त्या गल्लीत एका सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्रं काढलेली आहेत. गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर, त्यावर पांढऱ्या रंगात फेर धरून नाचणारी माणसं, मधोमध तारपा वाजवणारा, कडेला ताडाचं झाड. झाडाच्या बुंध्याशी त्याच पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘येथे कचरा टाकू नये’. तुमच्याही भागात अशी एखादी भिंत असेलच. शाळेची, दवाखान्याची, उड्डाणपुलाखालची. आपण रोज तिच्या समोरून जातो आणि ती कोणी पहिल्यांदा भिंतीवरून कागदावर आणली, हे आपल्याला सांगता येत नाही.

मला सांगता येतं, कारण माझ्या पीएचडीचं एक प्रकरण त्याच माणसावर आहे. जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, गाव धामणगाव, तालुका तलासरी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. (हे नुसतं माहितीसाठी सांगत नाही. तुम्ही या भागावर काम करणार असाल तर जुने कागद ठाण्याच्या नावाखाली शोधा, नाहीतर पहिला महिना वाया जाईल.) पुढे ते डहाणू तालुक्यात राहिले, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री, आणि १५ मे २०१८ला ते गेले. कुठल्याही कलाशाळेत न गेलेला हा माणूस १९८९ साली पॅरिसच्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात होता. जगभरातले कलावंत एका रांगेत मांडायचा तो मोठा प्रयत्न होता.

आता त्यांच्याबद्दलची ती गोष्ट, जी प्रत्येक कॅटलॉगमध्ये, प्रत्येक मृत्युलेखात असते. सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्या धक्क्याने मुलगा बोलायचाच थांबला. काही सांगायचं असलं की तो धुळीत चित्र काढून सांगायचा. मग ही चित्रं वाढत गेली आणि त्यातून एक मोठा चित्रकार घडला.

मी माझ्या पहिल्या मसुद्यात ही गोष्ट जशीच्या तशी घेतली आणि उपशीर्षक दिलं, ‘निसर्गचित्रांतून उपचार’. दोन पानं लिहिली, चांगली लिहिली होती. सरांनी मसुदा परत दिला तेव्हा त्या दोन पानांवर एकही दुरुस्ती नव्हती, फक्त मार्जिनमध्ये पेन्सिलीने एक प्रश्न होता: ‘बरा झाला, हे कोण म्हणतंय?’

मला राग आला. खरं सांगायचं तर रडूही आलं. माझी आई मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली आणि त्यानंतर बरेच महिने मला एक परिच्छेद सलग लिहिता येत नव्हता. ओंकारेश्वराच्या बाजूला नदीकाठी जाऊन बसायचं, वहीत झाडांची पानं काढायची आणि परत यायचं, एवढंच चालायचं. तेव्हा मी ती गोष्ट का उचलली, हे तुम्हाला कळलं असेल. मला ती खरी हवी होती. संशोधनात ज्या गोष्टी आपल्याला खऱ्या हव्या असतात त्यांच्याकडेच दोनदा बघावं लागतं, पण हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या मसुद्यावर पेन्सिलीने लिहून येणं वेगळं.

तर दोनदा बघू. आधी एक सोपा व्यायाम. म्हसे यांच्या काही परिचयांत लिहिलेलं असतं की त्यांच्या कामाकडे सत्तरच्या दशकात लक्ष गेलं, आणि त्याच परिचयात पुढे असतं की नेहरू आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. नेहरू २७ मे १९६४ला गेले. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या शेजारी बसतात आणि कोणालाही खटकत नाहीत, कारण परिचय लिहिणारा आधीचा परिचय समोर ठेवून लिहितो. म्हणजे तुम्हाला एकच गोष्ट बारा ठिकाणी सापडली तर बारा पुरावे मिळाले असं समजू नका; बऱ्याचदा एकच पुरावा बारा वेळा टाइप झालेला असतो. मौनाची गोष्टही याच वाटेने फिरते. म्हणून ती खोटी ठरत नाही. ज्या माणसाचं बालपण आहे त्याच्याच गावातून ती आली आहे, आणि आघातानंतर मुलं बोलायची थांबतात हे डॉक्टरही मानतात. पण ‘आई गेली, मुलगा गप्प झाला, धुळीत चित्रं काढू लागला’ हा एक भाग आहे आणि ‘चित्रांनी त्याला बरं केलं’ हा दुसरा. पहिला भाग आठवण आहे. दुसरा आपण जोडलेला आहे, शहरात बसून.

आणि शहरात बसून जोडताना आपण काय गाळतो ते बघा. १९३४ मध्ये सात मिळवा. आई गेली ते साल १९४१च्या आसपास येतं. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात १९४१ साली काय चाललं होतं? गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा. १९७० साली आलेलं हे पुस्तक नेमक्या याच गावांबद्दल आहे. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेलेली, जंगल सरकारच्या कायद्याखाली आणि ठेकेदारांच्या हातात, आणि वारली माणूस वेठीला. त्यातला एक शब्द मी वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं: लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी नवऱ्याने, आणि त्याच्याबरोबर बायकोनेही, मालकाकडे राबायचं. किती वर्षं, ते मालक ठरवणार. २३ मे १९४५ला तलासरी तालुक्यातल्याच झरी गावात परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. धुळीत चित्रं काढणारा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मी असं म्हणत नाही की त्याच्या चित्रांत उठाव आहे. नाहीच आहे. शेत आहे, लावणी आहे, मळणी आहे, फेर आहे. पण ‘निसर्गाच्या सान्निध्यात मन रमवणारा मूक मुलगा’ असं लिहिलं की तो निसर्ग कोणाच्या मालकीचा होता हा प्रश्नच पुसला जातो. माझ्यासाठी झाड म्हणजे नदीकाठी बसून बघायची वस्तू. त्यांच्यासाठी झाड म्हणजे सरपण, ताडी, घराचा वासा, आणि ते तोडलं तर गुन्हा. दोघांच्या ‘निसर्गा’ला एकच शब्द वापरणं सोयीचं आहे, एवढंच.

आता चित्रांकडे येऊ, कारण इथे मला खरी गंमत आली. वारली घरात लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर चौक काढतात. कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीने सारवायची, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठात पाणी मिसळून त्या पांढऱ्याने, टोक चावून मऊ केलेल्या काडीने चित्र. मधल्या चौकटीत पालघट देवी, शेजारी पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, जनावरं, माणसं. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. हे काम सवाशिणींचं, पुरुषांचं नाही. आणि तिथे चित्र ‘काढत’ नाहीत, चौक ‘लिहितात’. या एका क्रियापदावर मी दोन आठवडे घालवले आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. ज्या मुलाने बोलणं थांबवून धुळीत रेघा ओढल्या, तो त्याच्या भाषेत बघितलं तर चित्रकलेकडे वळत नव्हता. तो लिहीत होता. आईच्या वयाच्या बायका भिंतीवर जे करायच्या, ते तो जमिनीवर करत होता.

म्हणून ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द जपून वापरा. कलासमीक्षेत त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याने जे.जे.सारख्या ठिकाणी शिक्षण घेतलं नाही. पण वाचकाच्या मनात उमटतं ते असं, की या माणसाला कोणी शिकवलंच नाही. घराघरांत लिहिणाऱ्या बायका होत्या. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मी ज्या पेठेत राहते तिथलं उदाहरण देते. शनिवारवाड्याच्या आत भिंतींवर चित्रं होती, जयपूरकडचे चितारी त्यासाठी आणले होते, आणि १८२८च्या आगीत ते सगळं गेलं. तरी त्या चिताऱ्यांबद्दल आपण बोलू शकतो, कारण त्यांना पैसे दिले गेले आणि दिलेल्या पैशांचा कागद झाला. चौक लिहिणाऱ्या सवाशिणीला पैसे द्यायचा रिवाज असेलही, दफ्तर ठेवायचा नव्हता. चित्र धुरकटून गेलं की विषय संपला.

म्हसे इतिहासात आले ते कागद हातात आल्यावर. कागद दोन्ही अर्थांनी. मुंबईच्या जे.जे.मधून शिकलेले भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी या भागात आले. त्याआधी १९६६-६७च्या दुष्काळात बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांच्या हातात चित्रं काढायला कागद देण्याचं काम याच माणसाने केलं होतं. मिथिलेत भिंतीवरून कागदावर बायका आल्या आणि वारली पाड्यांवर मुख्यतः पुरुष आले. का, यावर एक पूर्ण प्रबंध होऊ शकतो, कोणाला विषय हवा असेल तर घ्या. १९७५ साली मुंबईत जहांगीरच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत म्हसेंची चित्रं लागली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, आणि मग त्यांच्या मागोमाग पाड्यांवरची तरुण मुलं हातात काडी घेऊन बसली. त्यांची स्वतःची मुलं, सदाशिव आणि बाळू, त्यात आहेत.

कागदावर आणि कापडावर त्यांनी काय केलं? भिंत खडबडीत असते, तिच्यावर बारीक रेघ टिकत नाही. कागदावर टिकते. म्हसेंचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र एकदा बघा. त्यांनी हा विषय पुन्हा पुन्हा हाताळलाय. जवळजवळ सगळा पृष्ठभाग जाळ्याने भरलेला, हजारो बारीक रेघा, आणि कुठेतरी त्या जाळ्यात किंवा जाळ्याच्या कडेला छोटी माणसं. लांबून बघितलं तर काहीतरी श्वास घेतंय असं वाटतं. जवळून बघितलं तर एकेक रेघ हाताने ओढलेली, एकीसारखी दुसरी नाही. जीवन म्हणजे हालचाल, माणसं, पाखरं, किडे, सगळं रात्रंदिवस हलत असतं, अशा अर्थाचं ते बोलत. चित्रात एकही आकृती स्वस्थ बसलेली नसते, ते यामुळे.

आता मला विचाराल, एवढ्या रेघा ओढताना माणसाला बरं वाटत असेल की नाही? मला विचाराल तर हो. पण हे माझं मत आहे, आणि मी ते कुठून काढलं? नदीकाठच्या माझ्या वहीतून. दुसऱ्याच्या बालपणाचं निदान स्वतःच्या वहीवरून करायचं नाही, हा नियम मला आता पाठ आहे. आणि दुसरीही बाजू आहे. २००३ मध्ये इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर म्हसेंचं काम जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लागलं. लाँग रानावनात चालतात, चालून रेघा उमटवतात. त्यांच्याबद्दल लिहिताना कोणी बालपणीच्या दुःखाने सुरुवात करत नाही. ते विचार करून काम करणारे कलावंत, आणि शेजारच्या भिंतीवरचा आदिवासी माणूस मात्र जखम भरून काढणारा. हा फरक लक्षात आल्यावर मी माझं उपशीर्षक खोडलं. सरांच्या प्रश्नामुळे नाही, या फरकामुळे.

तुम्ही संशोधनाला सुरुवात करत असाल तर एक दिवस काढून क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात जा. पुण्यात असून मी पहिली दोन वर्षं गेले नव्हते, कारण मला वाटायचं की शाळेच्या सहली जातात तिथे संशोधकाला काय मिळणार. जाताना डोक्यात एकच प्रश्न ठेवा: इथे कोणाचं नाव लिहिलंय आणि कोणाचं नाही.

माझ्या प्रकरणात त्या दोन पानांच्या जागी आता तीन वाक्यं आहेत. आई गेल्यावर जिव्या बोलायचे थांबले आणि धुळीत चित्रं काढून सांगू लागले, ही आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रलेखांत येते. त्यांच्या भाषेत चित्र काढण्याला लिहिणं म्हणतात आणि ते लिहिणं त्या काळी बायकांचं होतं. तिसरं वाक्य अजून पेन्सिलीत आहे.