वाळूजची मोटारसायकल ते बिडकीनची ई-स्कूटर : जिल्ह्यातल्या दुचाकीची माहिती

बिडकीन : इकडे दुचाकी ही हौसही आहे अन् गरजही. दुधाची कॅन, खताची गोणी, पैठण रोडने ड्युटीला जाणं, सगळं तिच्यावरच. ती गाडी तयार करणंही या जिल्ह्याला नवीन नाही.

वाळूज : बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५ साली सुरू झाला. त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानेही आजूबाजूला उभे राहिले.

बिडकीन : शेतजमिनी संपादित करून उभ्या राहिलेल्या ऑरिकच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. एथर एनर्जीने ई-स्कूटरचा कारखाना इथे उभारायचं २०२४ मध्येच जाहीर केलं. गुंतवणूक २,००० कोटींच्या वर, तर दोन टप्पे मिळून क्षमता वर्षाला १० लाख गाड्यांची.

मिस्त्रीच्या कामात फरक काय? : ई-स्कूटरला कार्बोरेटर, प्लग, इंजिन ऑइल नसतं. त्याजागी बॅटरी, मोटर अन् कंट्रोलर असतो. टायर, ब्रेक, बेअरिंगचं काम मात्र राहतंच. बॅटरीत व्होल्टेज जास्त असतं, म्हणून न शिकता ती खोलू नये.

पोरांनी काय शिकावं? : आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा ट्रेड आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर हेही उपयोगी पडतात. जवळच्या आयटीआयत कोणता ट्रेड आहे, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं. कारखाना शिवारात आला म्हणून काम आपोआप मिळत नाही. जमीन गेलेल्या घरातल्या पोरांनी तर हातात ट्रेडचं सर्टिफिकेट ठेवलेलं बरं.