घटका भरली, पण कशात?

परवा मामेभावाच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली आणि गुरुजींनी खिशातून मोबाईल काढून पाहिला. शेजारी बसलेली आजी हळूच म्हणाली, "आमच्या वेळी घंगाळात घटिका सोडायचे रे. ती बुडली की अंतरपाट दूर." आता ही 'बुडणारी घटिका' म्हणजे काय, हे मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं! घटका म्हणजे चोवीस मिनिटं, एवढंच कुठेतरी वाचलेलं.

तर घटिका ही आधी वस्तू आहे, वेळ नंतर. तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक भोक. ती पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. दिवसरात्रीत साठ वेळा बुडली पाहिजे, म्हणून एक बुडी चोवीस मिनिटांची. एखाद्याची 'घटका भरली' असं आपण म्हणतो, तेव्हा खरोखर काय भरत असतं ते आता कळलं. घटी, घडी, घड्याळ ही सगळी याच भांड्याची पिलावळ.

घटिकेचं दुसरं नाव नाडी किंवा नाडिका. पण नाडी म्हणजे तर नळी, आणि ह्या वाटीला नळी कुठाय? गंमत अशी की त्याआधीचं जलयंत्र वेगळं होतं. भांड्यातून नळीवाटे पाणी बाहेर पडू द्यायचं आणि त्यावरून वेळ मोजायची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही नळी आहे. यंत्र बदललं, नाव तेच राहिलं. आपण फ्लॉपीचं चित्र दाबून फाईल सेव्ह करत होतो, तसंच. आणि पळ? ते तर वजनाचं माप! घटिकेत साठ पळं वजनाचं पाणी मावायला हवं असं लिहून ठेवलंय, आणि घटकेचा साठावा भाग, म्हणजे चोवीस सेकंद, तोही पळच.

नळी सोडून वाटी का घेतली असेल? माझा अंदाज असा: बाहेर गळणाऱ्या भांड्यात पातळी उतरते तसा दाब घटतो आणि धार मंदावते. तरंगणाऱ्या वाटीत मात्र बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीतला फरक वाटीच्या वजनावर ठरतो. सरळ भिंतींचं भांडं असेल तर तो फरक जवळजवळ शेवटपर्यंत तेवढाच राहतो. कागदावर मांडून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

आता माझा आवडता भाग. लल्लासारख्या जुन्या ज्योतिर्विदांनी घटिकेचं अगदी कडक स्पेसिफिकेशन दिलंय. तांबं दहा पळं, उंची सहा अंगुळं, तोंड बारा अंगुळं, आणि भोक कसं? तीन पूर्णांक एक तृतीयांश माषे सोन्याची चार अंगुळं लांब सुई करायची, ती जाईल एवढं. वाचून धन्य वाटतं, पण बनवणार कोण? ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी (ज्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला, ते) हे सरळ बाजूला ठेवलं. ह्या लक्षणाला काही युक्तिवाद नाही आणि ते घडवायलाही अवघड, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा उपाय: वाटी कशीही करा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा, आणि भागाकार करा. झालं कॅलिब्रेशन! परंपरेतलं भारदस्त डॉक्युमेंट बाजूला सारून 'मोजून बघा' म्हणणारा हा माणूस माझ्या टीममध्ये हवा होता.

आणि नेमकी त्यांच्याच नावावर ती लीलावतीची गोष्ट चिकटली, मोती पडून भोक बुजल्याची आणि मुहूर्त हुकल्याची. फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे चारशे वर्षांनंतर. दंतकथाच म्हणायची.

वाटी बुडली हे गावाला कळवायचं तर टोल हवा. बाबराने बाबरनाम्यात इथल्या घडियालींचं वर्णन केलंय. पितळेची जाड थाळी टांगलेली, दर घटकेला टोल. पण प्रत्येक प्रहराला मोजणी पुन्हा एकपासून. रात्री जाग आली, तीन टोल ऐकले, तर हा दुसरा प्रहर की तिसरा? बाबराने हुकूम काढला की घटकेच्या टोलांनंतर प्रहराचेही टोल द्या. इतकी साधी युझर इंटरफेसची दुरुस्ती, तीही बादशहाला करावी लागली. आपला 'तास'ही ह्याच घरातला. फारसीत तास म्हणजे वाटी, पेला, तसराळं. मराठीत टोल द्यायची थाळीही तास आणि मग साठ मिनिटंही तास.

शनिवारी मी स्टीलच्या वाटीला एक मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं आणि बादलीत सोडली. पहिली बुडी ६ मिनिटं ४० सेकंद, दुसरी ६:५२, तिसरी ६:३८. दुसऱ्या वेळी भोकाशी बुडबुडा अडकला होता बहुतेक. ४०० सेकंद धरले तर दिवसाला २१६ बुड्या, म्हणजे एक बुडी पाव घटकेहून किंचित जास्त. अख्खा दिवस मोजायचं मात्र धैर्य झालं नाही, भास्कराचार्य माफ करोत. आईचं म्हणणं, आमटीची वाटी गेली ती गेलीच, निदान आता तिच्यावर अंडी उकडायची वेळ लावून दे.