लोको : एका नावाचा आणि एका शिक्षणाचा इतिहास

अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांत उगवणाऱ्या काही विषारी वनस्पतींना 'लोको' म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'वेडा' असा आहे. ही वनस्पती खाणारी गुरे अडखळत चालतात, बुजरी होतात व खंगत जातात. आपल्याकडील 'घाणेरी' ही वनस्पतीही गुरांना बाधते. परंतु तिचे नाव वासावरून पडले आहे, तर 'लोको' हे नाव परिणामावरून. पशुपालकांचा अनुभव या शब्दात साठलेला आहे. तथापि नावातील इशारा माणसालाच कळतो, चरणाऱ्या गाईला नव्हे. तो तिच्यापर्यंत पोचविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

आरंभीचे संशोधन विषाच्या शोधात गुंतले होते. १९०८ मध्ये क्रॉफर्ड यांनी बेरियम हे या रोगाचे कारण मानले. १९०९ मध्ये मार्श यांनी रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. स्वेन्सोनीन हे खरे विषद्रव्य लोकोमध्ये आढळल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु विष ओळखल्याने गुरांचे खाणे थांबत नाही. या विषाची लक्षणे काही आठवड्यांच्या सततच्या चराईनंतर दिसतात; त्यामुळे खाणे आणि आजार यांचा संबंध जनावराला जुळविता येत नाही.

हा संबंध जुळविण्याची वाट निराळ्याच क्षेत्रातून सापडली. १९५५ मध्ये जॉन गार्सिया व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, सॅकरीनचे गोड पाणी पिताना ज्या उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा झाला, ते पुढे त्या पाण्याला तोंड लावीनासे झाले. या अन्नद्वेषाचा उपयोग युटा राज्यातील लोगन येथे, अमेरिकी कृषिखात्याच्या विषारी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत, गुरांसाठी करण्यात आला. जनावराला ती वनस्पती खाऊ द्यावयाची आणि लगेच शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास सुमारे २०० मिलिग्रॅम या प्रमाणात लिथियम क्लोराइड पोटात घालावयाचे. मळमळ होते आणि जनावर तिचा दोष त्या चवीला देते.

या शिक्षणाला दोन मर्यादा आढळल्या. वनस्पती जनावराच्या ओळखीची नसेल, तेव्हाच ते चांगले टिकते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची होय. लार्कस्पर या दुसऱ्या विषारी वनस्पतीवरील प्रयोगांत, शिकविलेली गुरे न शिकविलेल्या गुरांबरोबर चरावयास सोडली, तेव्हा इतरांचे पाहून त्यांनीही तिचा घास घेतला. त्या घासाने मळमळ झाली नाही. मग दुसरा घास घेतला गेला आणि अन्नद्वेष ओसरला. राल्फ्स व ऑल्सेन यांनी हा संगतीचा परिणाम १९९० मध्ये नोंदविला.

यावरून असे दिसते की, एका जनावराला झालेली शिकवण कळपाच्या सवयीपुढे टिकत नाही. म्हणून औषधाच्या मात्रेइतकेच कोणते जनावर कोणाबरोबर चरते, यालाही महत्त्व आहे. आणि शिकविलेला कळप वेगळा राखण्याचे हे काम शेवटी 'लोको' या शब्दाचा अर्थ जाणणाऱ्या माणसाकडेच राहते.