कादंबरी नावाची मुलगी

नेरुळहून सुटलेली लोकल. महिला डब्यात समोरची बाई मांडीवरच्या पिशवीत घेवडा मोडत शेजारणीला विचारत होती, "मग, खून कुणी केला?" कादंबरीतून मान वर न काढता शेजारीण म्हणाली, "थांब गं, आधी लग्न तरी होऊ दे त्यांचं."

'कादंबरी' हे मुळात एका मुलीचंच नाव. सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाच्या संस्कृत प्रेमकथेची ही गंधर्वकन्या नायिका. मराठी नि कानडीनं तिचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. गुजराती 'नवलकथे'वर थांबली, हिंदी-बंगाली 'उपन्यासा'वर. मला आपला शब्दच लाडका वाटतो.

कोडं त्या कथेतही आहे. राजा शूद्रकाच्या दरबारात एक पोपट घडाघडा बोलू लागतो. तो पूर्वजन्मी कोण, हे कळायला शेवट गाठावा लागतो. तो शेवटही बाणाच्या हातून राहिला, मुलानं पुरा केला.

संस्कृतात कादंबरीचा आणखी एक अर्थ आहे: कदंबाच्या फुलांचं मद्य! त्याच नशेत की काय, वाशीचा पूल कधी मागे पडला ते डब्यातल्या दोघींना कळलंच नाही. घेवडाही अर्धा तसाच.